कट्टा, गच्ची आणि अंगण: अल्ट्रा कॉम्पॅक्ट कुठे घ्यावा, कुठे टाळावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतील जुने घर पाडून नवे बांधकाम चालू आहे. स्वयंपाकघरात दहा फूट आणि सात फूट बाजूंचा इंग्रजी 'एल' आकाराचा कट्टा होणार असून घरच्यांना तो पांढरा हवा आहे. गच्चीवर रविवारच्या मटणासाठी उघड्यावर एक लहान कट्टा आणि शेजारी चूल असावी अशी इच्छा आहे. या सगळ्याला अल्ट्रा कॉम्पॅक्ट, म्हणजे भुकटी दाबून आणि भाजून केलेला कारखान्यातला दगड, घ्यावा का, आणि दारापुढच्या अंगणालाही तोच घालावा का, हा तिसरा भाग. दुकानदार म्हणतो की अल्ट्रा कॉम्पॅक्टवर काहीही ठेवा, काहीही सांडा, काही होत नाही. गवंडी म्हणतो की हे फॅड आहे, काळा ग्रॅनाइट घाला आणि मोकळे व्हा. कोणाचे ऐकावे?

माझे उत्तर असे की दोघेही निम्मे खरे बोलत आहेत. गेली बावीस वर्षे मी कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत घरांच्या आतल्या कामाची आखणी आणि देखरेख करतो. त्यांपैकी शेवटच्या सात-आठ वर्षांत अल्ट्रा कॉम्पॅक्टचे कट्टे बसवून घेतले आहेत. या काळात स्लॅबचा माल खराब निघाला म्हणून काम बिघडल्याचे मी क्वचितच पाहिले. बिघडले ते कापण्यात, कोपऱ्यात आणि खालच्या बैठकीत. म्हणून रंग आणि कंपनी निवडण्याआधी कापणारा कोण आणि बसवणारा कोण हे ठरवावे, आणि ते ठरत नसेल तर गवंड्याचे ऐकून ग्रॅनाइट घालावा. (मी 'स्लॅब' म्हणतो तो अल्ट्रा कॉम्पॅक्टचा, छताचा नव्हे.)

हा पदार्थ काय आहे हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण बाजारात चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपतात. अल्ट्रा कॉम्पॅक्ट हे नाव रूढ केले ते २०१३ मध्ये डेक्टॉन बाजारात आणणाऱ्या स्पेनच्या कोसेंटिनो कंपनीने. त्याच कुळातील निओलिथ आणि लॅपिटेक यांना सिंटर्ड स्टोन म्हणतात. फेल्डस्पार, सिलिका, माती आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडे यांची भुकटी प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे १२०० अंश सेल्सियसला भाजली की कण एकमेकांत वितळून चिकटतात आणि आत पाणी शिरायला जवळपास जागाच उरत नाही. चांगल्या स्लॅबचे पाणी शोषण ०.१ टक्क्याहूनही कमी असते. यात राळ, म्हणजे रेझिन, अजिबात नसते. क्वार्ट्झच्या कट्ट्यात ते वजनाच्या ७ ते १० टक्के असते, आणि सगळा फरक तिथूनच सुरू होतो. रेझिन उन्हाने पिवळे पडते आणि साधारण १५० अंशांच्या पुढे करपते. म्हणून क्वार्ट्झ उघड्यावर घालायचाच नसतो आणि आतही त्यावर तापलेली कढई ठेवायची नसते. 'नॅनो व्हाइट' म्हणून विकला जाणारा चकचकीत पांढरा दगड हा काचेच्या जातीचा असतो; तो अल्ट्रा कॉम्पॅक्ट नव्हे आणि आचेला तर त्याहूनही नाजूक. चौथा प्रकार म्हणजे नेहमीची ग्लेज्ड व्हिट्रिफाइड फरशी, मोठ्या मापात कापून 'स्लॅब' या नावाने दिलेली.

ओळखायचे कसे? कापलेली कड पाहावी. ग्लेज्ड फरशीत वर केसाएवढा छापील थर आणि खाली वेगळ्याच रंगाचे अंग दिसते. चांगल्या स्लॅबमध्ये अंगाचा मूळ रंग वरच्या रंगाशी जुळता असतो. शिरा मात्र बहुतेक मालात वरच छापलेल्या असतात, आणि 'शिरा आरपार आहेत' असे दुकानदार म्हणाला तर त्याच्याकडून तुटलेला तुकडा मागून घ्यावा. गुजरातमधील मोरबी येथे आता १५ मिलिमीटर जाडीचे फुल बॉडी, म्हणजे अंगभर एकाच रंगाचे, स्लॅब मोठ्या प्रमाणात तयार होतात आणि कोल्हापूरच्या दुकानांत पाहायला मिळतो तो माल बहुतांशी तिथलाच असतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मी त्याचे कट्टे केले आहेत आणि ते चांगले चालले आहेत. फक्त युरोपच्या मालाचे माहितीपत्रक दाखवून मोरबीचा माल देऊ नये, एवढीच अपेक्षा.

आता स्वयंपाकघराकडे येतो. आपल्या स्वयंपाकाची परीक्षा युरोपच्या स्वयंपाकापेक्षा अवघड आहे आणि ती माहितीपत्रकात लिहिलेली नसते. हळद, कांदा-लसूण मसाल्याचे तेल, कोकम, चिंच, लिंबू, ओल्या लोखंडी तव्याच्या बुडाचे गंजाचे वर्तुळ, खलबत्त्याचा दणका, आणि चुलीवरून थेट खाली उतरवलेले पातेले, हे सगळे एकाच दिवसात एकाच कट्ट्यावर घडते. म्हणून मी प्रत्येक घरमालकाला सांगतो की दुकानातून सहा इंचांचा नमुना घरी आणा आणि एक रात्र त्याचे हाल करा. एका कोपऱ्यात ओली हळद, दुसऱ्यात मिसळीचा कट, तिसऱ्यात लिंबाची फोड पालथी, चौथ्यात ओला लोखंडी तवा. सकाळी भांडी घासायच्या साबणाने धुवायचे. मॅट किंवा साटिन फिनिशवर बहुधा काहीच उरत नाही. गंजाची अस्पष्ट कड राहिली तरी सौम्य आम्लाच्या क्लीनरने ती जाते. आरशासारखे पॉलिश केलेल्या फिनिशवर मात्र हळदीची पिवळसर सावली राहिलेली मी पाहिली आहे, कारण पॉलिश करताना वरची बंद झालेली त्वचा घासली जाते आणि आतली बारीक छिद्रे उघडी पडतात. त्यामुळे पांढरा हवा असेल तर तो साटिनमध्ये घ्यावा. शोरूमच्या दिव्यांखाली पॉलिश फिनिश कितीही देखणी दिसली तरी तिथे कोणी पोळ्या लाटत नसते.

ओरखड्यांबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकतो. कट्ट्यावर स्टीलचे भांडे सरकवले की राखाडी रेघ उमटते आणि घरचे म्हणतात, बघा, ओरखडा पडला. ती रेघ दगडावर पडलेली नसते. पृष्ठभाग स्टीलपेक्षा कठीण असल्याने भांड्याचा धातू घासून वर बसलेला असतो, आणि भांडी घासायच्या क्रीमने तो निघून जातो. खरा ओरखडा पडतो तो वाळूने किंवा सिरॅमिकच्या सुरीने. बाजारातून आणलेल्या भाजीची माती कट्ट्यावर तशीच ठेवून वर परात फिरवणे, एवढे टाळले की पुरे. सुरी थेट कट्ट्यावर चालवू नये हेही खरे, पण ते कट्ट्यासाठी नव्हे. सुरीची धार जाते म्हणून.

'काही होत नाही' हे वाक्य सर्वांत जास्त खोटे ठरते ते काठावर. हा पदार्थ कठीण आहे, पण चिवट नाही. चिनी मातीच्या भांड्याचा हा थोरला भाऊ आहे असे समजा. मधोमध पातेले आपटले तर काही होणार नाही, पण बेसिनच्या कडेला कुकरची कड लागली तर टवका उडतो, आणि पांढऱ्या कट्ट्यावर तो टवका रोज डोळ्यांत खुपतो. म्हणून कड काटकोनी, धारदार ठेवू नये. बेसिनभोवती तरी कमीत कमी एक सूत (इंचाचा आठवा भाग) गोलाई द्यावी. आजकाल पुढची पट्टी पंचेचाळीस अंशांत कापून, जोडून, कट्टा दोन-तीन इंच जाड असल्याचा भास निर्माण करतात. दिसायला सुरेख, पण त्या जोडाची धार हीच सर्वांत दुबळी जागा असते आणि पोट टेकून उभे राहणाऱ्या माणसाच्या हातातला तवा नेमका तिथेच आदळतो. खलबत्ता आणि नारळ यांच्यासाठी मी कट्ट्याच्या शेवटी किंवा मोरीपाशी जुन्या काळ्या दगडाचा एक तुकडा मुद्दाम बसवतो. नव्या घरात तो शोभत नाही असे म्हणणाऱ्या गृहिणीनेच वर्षभराने त्याबद्दल समाधान व्यक्त केल्याचा अनुभव आहे.

मापाचा हिशेब दुकानात जाण्यापूर्वी घरीच करावा, कारण त्यावर सांधे ठरतात. कट्ट्याची खोली आपल्याकडे २४ इंच, म्हणजे ६१० मिलिमीटर धरू. स्लॅबच्या चारही कडांना आत ताण असतो म्हणून चांगला कारागीर आधी प्रत्येक बाजूने सुमारे २० मिलिमीटर कापून टाकतो आणि मगच खरे माप काढतो. १६०० बाय ३२०० मिलिमीटरच्या स्लॅबमधून आपली दहा फुटांची बाजू (३०४८ मिलिमीटर) अखंड निघते, सात फुटांच्या बाजूतून कोपऱ्याचे दोन फूट वजा जाऊन उरलेले पाच फूट दुसऱ्या पट्टीतून निघतात, आणि तरीही सुमारे तेरा इंच रुंदीची पट्टी पुढच्या फेशियासाठी (कट्ट्याची उभी पुढची पट्टी) व मागच्या डॅडोसाठी (भिंतीवरची पट्टी) उरते. म्हणजे एका स्लॅबमध्ये काम. उलट ८०० बाय २४०० चा स्लॅब घेतला तर दोन लागतात, आणि दहा फुटांच्या बाजूत सांधा येणारच. ८०० बाय ३००० चा घेतला तर तो दहा फुटांना जेमतेम साडेतीन इंचांनी कमी पडतो, आणि एवढ्यासाठी सांधा देणे जिवावर येते. अजून विटा चढलेल्या नसतील तर कट्ट्याची ती बाजू चार इंचांनी आखूड करून टाका. कागदावर हा बदल फुकट होतो.

कोपरा मात्र एकाच स्लॅबमधून 'एल' आकारात अखंड कापून घेण्याचा मोह टाळावा. सांधा नको म्हणून काही लोक तसा आग्रह धरतात; पण आतल्या कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो आणि तो तुकडा उचलतानाच मोडण्याची भीती असते. दोन सरळ तुकडे काटकोनात भिडवून, मध्ये दीड-दोन मिलिमीटरचा सांधा ठेवून, स्लॅबच्या रंगाचे इपॉक्सी भरले की चार फुटांवरून तो दिसत नाही. सांधा बेसिनच्या किंवा हॉबच्या (कट्ट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कापावर मात्र येऊ देऊ नये.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण त्यात चूक माझीही होती. काही वर्षांपूर्वी एका घरात १२ मिलिमीटरचा फिकट करडा स्लॅब बसवला. कारागिराचा हात ग्रॅनाइटवर चांगला बसलेला होता, म्हणून मी निर्धास्त होतो आणि कापायच्या दिवशी दुसऱ्या कामावर गेलो. त्याने बेसिनचा चौकोन हातातल्या कटरने, ग्रॅनाइटच्या सवयीने, कापला. म्हणजे चारही कोपरे काटकोनी, आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन काप एकमेकांना ओलांडून बोटाच्या पेराएवढे पुढे गेलेले. वरून बेसिन बसल्यावर ते झाकले गेले. तीन महिने काही नाही. चौथ्या महिन्यात घरातल्या काकूंचा फोन आला की कट्ट्यावर पिवळा केस चिकटला आहे आणि निघत नाही. जाऊन पाहिले तर तो केस नव्हता. बेसिनच्या मागच्या कोपऱ्यातून भिंतीकडे गेलेली तडा होती आणि हळदीच्या पाण्याने ती रंगून दिसू लागली होती. मी रुपयाच्या नाण्याने कट्टा ठोकत गेलो. पुढे ठक्क ठक्क असा भरीव आवाज येत होता, पण त्या कोपऱ्यापाशी आल्यावर तो डबडब असा पोकळ झाला. खालचा कडप्पा तिथे तीन-चार सूत खोलगट होता आणि चिकट मसाल्याचे चार गोळे ठेवून वर स्लॅब टेकवला होता. वर काटकोनी कोपरा, खाली पोकळी, आणि शेजारी रोज भरलेली कळशी. दोन्ही तुकडे बदलावे लागले आणि निम्मा खर्च मी सोसला.

त्या दिवसापासून माझे नियम ठरलेले आहेत. आतला कोणताही कोपरा निदान पाच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवा. शक्य असेल तिथे वॉटरजेटने (पाण्याच्या जोरदार धारेने), नाहीतर आधी कोपऱ्यांत कोअर बिटने गोल भोके पाडून मग सरळ काप. बेसिन किंवा हॉबच्या कापापासून पुढच्या कडेपर्यंत किमान दोन इंच अंग शिल्लक हवे. काप पाण्याखाली, पोर्सिलेनसाठी असलेल्या हिऱ्याच्या पातळ पात्यानेच व्हायला हवा. खाली पूर्ण सपाट बैठक, पाणसळ लावून तपासलेली, आणि दात्यांच्या थापीने पूर्ण पसरवलेला लवचिक चिकट मसाला. गोळे अजिबात नाहीत. भिंतीला स्लॅब घट्ट भिडवायचा नाही, अर्धा सूत मोकळे सोडून सिलिकॉन भरायचे. हॉबच्या धातूच्या पेटीभोवतीही तसेच, कारण मोठे पातेले चढले की ती पेटी तापते आणि फुगते. १२ मिलिमीटरचा स्लॅब आधाराशिवाय चार इंचांपेक्षा जास्त पुढे काढत नाही. जेवणाच्या बाजूने फूटभर बाहेर हवा असेल तर २० मिलिमीटर घेतो किंवा खाली लोखंडी पट्टी देतो.

जाडीचा प्रश्न यातच सुटतो. आपल्या कट्ट्याला पूर्ण सपाट बैठकीवर १२ मिलिमीटर पुरतो आणि मोरबीचा १५ मिलिमीटर निर्धोक आहे. वजन १२ ला चौरस मीटरमागे सुमारे ३० किलो आणि २० ला सुमारे ५० किलो पडते, म्हणजे १६०० बाय ३२०० चा १२ मिलिमीटरचा एक स्लॅब दीडशे किलोच्या घरात जातो. राजारामपुरीतल्या बोळातून आणि अरुंद जिन्यातून तो वर कसा न्यायचा, याचा विचार माल उतरल्यावर करून चालत नाही. भिंतीच्या डॅडोला ६ मिलिमीटर पुरेसा.

खालच्या बैठकीबद्दल कोल्हापूरकरांसाठी एक वेगळी सूचना आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले तिथल्या काही कट्ट्यांची पाहणी मी केली. वरच्या दगडाला काहीच झालेले नव्हते, धुऊन काढला की नव्यासारखा. पण प्लायवूडच्या बैठकीवर बसवलेले कट्टे फुगून वर उचलले गेले होते आणि सांधे फाटले होते. राजारामपुरी उंचावर आहे म्हणून आपली चिंता कमी, परंतु शाहूपुरीच्या सखल भागात किंवा दुधाळीसारख्या ठिकाणी हे काम असते तर मी कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या आणि कडप्प्याचीच बैठक, नाहीतर स्टेनलेस स्टीलची चौकट, याशिवाय दुसरे काही सुचवले नसते. खरे तर आपली जुनी कडप्प्याची पद्धत या कामाला फार उत्तम आहे. फक्त कडप्प्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून वरून समपातळीचा थर द्यावा लागतो.

आता गवंड्याच्या म्हणण्याला न्याय देतो. आत, छपराखाली, काळा किंवा गडद रंग चालणार असेल, तर अल्ट्रा कॉम्पॅक्टवर जास्त पैसे घालण्याचे सबळ कारण मला दिसत नाही. काळा ग्रॅनाइट (भूशास्त्राच्या भाषेत यातले बरेच दगड ग्रॅनाइट नसतातच, पण ते असो) पाणी फारसे पीत नाही, प्यायला तरी डाग दिसत नाही, आच सोसतो, आणि तो कापणारे कारागीर गल्लीगल्लीत आहेत. टवका उडाला तर घासून पॉलिश करता येतो. छापील पृष्ठभागाच्या स्लॅबला ती सोय नाही. आपल्याला पांढराच हवा आहे म्हणून चित्र बदलते. पांढऱ्यामध्ये संगमरवराला लिंबू खाते, क्वार्ट्झ आचेला भितो, नॅनो दोन्हीकडून नाजूक. तिथे अल्ट्रा कॉम्पॅक्टला तोड नाही. तेव्हा पांढरा, साटिन, १५ मिलिमीटर, हे आपल्या आतल्या कट्ट्याचे माझे उत्तर.

गच्चीवर मात्र मी गवंड्याच्या बाजूने नाही. उघड्यावरच्या कट्ट्याला हा पदार्थ खरोखर साजतो. यातले रंग धातूंच्या ऑक्साइडांचे असून भाजून पक्के झालेले असतात, त्यामुळे उन्हाने ते उडत नाहीत. उलट हळदीचा डाग उघड्यावर उन्हाने आपोआप फिका पडतो, ही गंमत अनेकांना ठाऊक नसते. युरोपची माहितीपत्रके बर्फ आणि गोठणे यांवर पाने खर्च करतात. कोल्हापूरला त्याचा काही उपयोग नाही. आपली परीक्षा वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेल्या दगडावर संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळतो आणि पृष्ठभाग काही मिनिटांत गार होतो. स्लॅब ते सोसतो, पण तो आणि खालचे काँक्रीट सारखे आखडत नाहीत. तीन मीटर लांबीचा स्लॅब ४० अंशांच्या फरकाने सुमारे पाऊण मिलिमीटर हलतो आणि काँक्रीट त्याहून अधिक. म्हणून गच्चीवर लवचिक मसाला, एक सूत रुंद सांधे आणि त्यांत उन्हात टिकणारे सिलिकॉन, यांत काटकसर करू नये. रंग फिका किंवा मध्यम राखाडी घ्यावा. काळा स्लॅब दुपारी इतका तापतो की त्यावर हात टेकवत नाही. गच्चीचे वॉटरप्रूफिंग पूर्ण होऊन पाणी साठवून तपासल्याशिवाय कट्ट्याचे काम सुरू करू नये. कट्ट्याच्या पृष्ठभागालाही पुढे किंचित उतार द्यावा, नाहीतर जुलैमध्ये मागच्या कोपऱ्यात पाणी साचून शेवाळ धरते.

चुलीबद्दल सावध करतो. 'आच सोसतो' याचा अर्थ गरम भांडे सोसतो असा घ्यावा. लाकडाच्या जाळाखाली स्लॅब घालावा असा घेऊ नये. जाळ एका वीतभर जागेलाच तापवतो, शेजारचा भाग थंड राहतो, आणि त्या फरकानेच तडा जाते. रश्श्याचे मोठे पातेले उतू जाऊन तापल्या जागी पाणी पडले तर तडा लगेचच जाते. चूल वेगळ्या चौथऱ्यावर, भट्टीच्या विटा आणि फायर क्लेमध्ये बांधावी, आणि स्लॅब तिच्यापासून निदान बोटभर अंतर सोडून सुरू करावा. ते अंतर सिलिकॉनने भरू नये, मोकळेच ठेवावे. आपले शहर फाउंड्र्यांचे आहे. भट्टीच्या चांगल्या विटा शिवाजी उद्यमनगराच्या परिसरात मिळतात आणि त्या लावणारे जाणकार हातही तिथेच भेटतात. पातेले उतरवायला शेजारी एक विटांचीच बैठक ठेवली तर स्लॅबला कधी त्रास होणार नाही.

अंगणाबद्दल थोडक्यात. तिथे २० मिलिमीटरचे पेव्हर, म्हणजे उघड्यावर घालायच्या जाड फरश्या, मिळतात आणि ते चांगले असतात, पण निवड करायची ती रंगावरून नव्हे, घसरण्यावरून. घसरणीच्या जर्मन मोजपट्टीवर आर-९ पासून आर-१३ पर्यंत पायऱ्या आहेत. उघड्यावर आर-११ च्या खाली उतरू नये. मात्र ही मोजणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर केलेली असते. आपण अंगण अनवाणी धुतो. अनवाणी पायांसाठी वेगळी, ए-बी-सी अशी, प्रतवारी असते. ती दुकानदाराला विचारावी आणि त्याला सांगता आली नाही तर नमुना ओला करून, साबणाचे पाणी टाकून, स्वतः पाय ठेवून पाहावे. फार खरखरीतही घेऊ नये. पन्हाळ्याकडून येणाऱ्या पाहुण्यांच्या चपलांची तांबडी माती त्या खाचांत बसली की खराट्याने निघत नाही. गाडी उभी राहणार असेल तिथे पेव्हर प्लास्टिकच्या पायांवर किंवा वाळूवर न ठेवता काँक्रीटवर पूर्ण चिकटवावेत. आणि पैशांची ओढाताण होत असेल तर अंगण हेच पहिले सोडून द्यावे. खडबडीत घडवलेला आपला काळा दगड अंगणाला कोणत्याही कारखान्याच्या मालाइतकाच चालतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या आवारात आठशे वर्षांनंतरही पावसात पाय घट्ट रोवून उभे राहता येते.

कापण्याच्या जागेविषयीही बोलले पाहिजे. स्लॅबमध्ये सिलिका असते आणि कोरड्या कटरने उडणारी तिची धूळ फुप्फुसात कायमची बसते. क्वार्ट्झमध्ये सिलिकाचे प्रमाण याहून बरेच जास्त असते. त्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून रेझिनच्या कृत्रिम दगडावर बंदी घातली. रेझिन नसलेल्या सिंटर्ड स्टोनला त्या बंदीतून वगळले असले तरी तो कोरडा कापण्याची मुभा त्यातून मिळत नाही. माझ्या कामावर मोठे काप कारखान्यात, ब्रिज सॉ या मोठ्या करवत यंत्रावर, पाण्याखाली होतात. घरी फक्त नळाचे भोक आणि किरकोळ घासणी, तीही पाणी मारत आणि मास्क लावून. दारे बंद करून, पंखा लावून, कोरडा कटर चालवणारा माणूस दिसला तर काम थांबवावे. तो आपल्या घरात चार तास असतो, पण ती धूळ त्याच्या वाट्याला रोज येते.

दर मी लिहीत नाही, कारण ते महिन्याला बदलतात. पण विचारण्याची पद्धत सांगतो. दुकानदाराला चौरस फुटाचा दर विचारला की तो स्वस्त वाटतो. त्याऐवजी पूर्ण बसवलेल्या कामाचा आकडा लेखी मागावा: स्लॅब अखंड किती लागतील, कापणी, कडांची घासणी धावत्या फुटावर, बेसिन आणि हॉबचे काप नगावर, मसाला, वाहतूक, आणि जिन्यातून वर चढवण्याची मजुरी. बेसिनचा काप कोपरे गोल करून, कडेला गोलाई देऊन, हे त्या कागदावर शब्दांत लिहून घ्यावे. हमीपत्र कोणाचे हेही पाहावे. कारखान्याची हमी मालाची असते, कापण्या-बसवण्याची नव्हे, आणि उघड्यावरच्या वापराला ती लागू आहे की नाही हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. कट्टा आणि फेशिया एकाच बॅचचे घ्यावेत. पांढऱ्यातही दोन बॅच शेजारी ठेवल्या की एक निळसर आणि एक पिवळसर दिसते.

बसवण्याच्या दिवशी घरातले कोणीतरी हजर राहावे. मसाला पसरताना फोटो काढून ठेवावेत, आणि दुसऱ्या दिवशी पैसे देण्यापूर्वी नाण्याने सगळा कट्टा ठोकून घ्यावा. आणि बेसिनसाठी कापून निघालेला मधला तुकडा कारागीर सोबत घेऊन जातो, तो नेऊ देऊ नये. पुढे कधी टवका उडाला तर त्याच बॅचची भुकटी इपॉक्सीत कालवून भरता येते. तोवर कडा घासून तो तुकडा कट्ट्यावर ठेवला की तापलेली कढई उतरवायला पाट म्हणून रोज उपयोगी पडतो.